द्राक्षांच्या गावाहून द्राक्षांच्या गावी

परदेशी जाणारी तरुण मुले आपल्या घरांना नवी राहिलेली नाहीत. कोणी शिकायला जातो, कोणी नोकरीवर, कोणी लग्न होऊन. अलीकडे या तीन वाटांच्या शेजारी चौथी एक पायवाट आपल्या मुलांसाठी उघडली आहे. एखाद्या देशात वर्षभर राहायचे, हिंडायचे आणि हिंडण्याचा खर्च निघावा म्हणून मिळेल ते प्रामाणिक काम करायचे. या पद्धतीला ‘वर्किंग हॉलिडे’ म्हणतात. युरोपातील तरुणांना ती अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला आणि त्या करारातील एका कलमाने आपल्याकडील १८ ते ३० वयाच्या मुलामुलींनाही ही वाट मोकळी झाली.

जागा वर्षाला फक्त १,००० आहेत. त्यामुळे आधी नावनोंदणी करावी लागते आणि मग सोडत निघते. भारतीयांसाठी अशी पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. नाव निघाले की खरा अर्ज भरायचा. किमान दोन वर्षांचे उच्च शिक्षण, कामापुरते इंग्रजी, परतीच्या तिकिटाखेरीज सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर एवढी शिल्लक आणि चांगले आरोग्य, अशा त्याच्या मुख्य अटी आहेत.

माझ्या नातीचे नाव सोडतीत निघाले. ती कृषी पदवीधर आहे, आमचे घर निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदारांचे, आणि तिने निवडलेले गावही द्राक्षांचेच आहे. घरात आनंद झाला, तशी धाकधूकही झाली. घरी मी आणि मधुमेह व रक्तदाब असलेले माझे यजमान, मुलगा, सून आणि ही एकुलती एक नात. गेले तीन महिने आमच्या घरात तयारी चालली आहे. ती पाहताना एक गोष्ट माझ्या मनाने घेतली आहे. अशा प्रवासाला दोन याद्या लागतात. एक जाणाऱ्याची आणि दुसरी मागे राहणाऱ्यांची. पहिली सगळे जण करतात. दुसरी बहुतेक घरांत राहून जाते.

मरेच्या काठचे गाव

तिने निवडलेले गाव म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य टोकाला असलेले मिल्ड्युरा. योगायोग असा, की हे गाव मी पाहिलेले आहे. माझा भाचा मेलबर्नला असतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे मुक्कामाला असताना मार्च महिन्यात त्याने आम्हा उभयतांना मोटारीने तिथे नेले होते. अंतर सुमारे ५४० किलोमीटर. बेंडिगो हे जुन्या सोन्याच्या खाणींचे शहर मागे पडले, की वस्ती विरळ होत जाते. पुढे गव्हाची कापलेली राने, धान्य साठवण्याचे उंच मनोरे आणि खुरट्या निलगिरीची झाडी एवढेच तासन्‌तास दिसत राहते. घोटभर चहासाठी थांबावे, तर पुढचे गाव पाऊण तासावर. आमच्या यजमानांच्या गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा सांभाळण्यासाठी मी डब्यात थालीपीठ घेतले होते, ते किती कामी आले हे त्या रस्त्यावर कळले.

मग एकाएकी जमीन लाल होते आणि तिच्यावर हिरव्या रेघा उमटतात. मैलोन्‌मैल द्राक्षवेली, संत्र्यांच्या बागा, बदामाची झाडे. वर्षाला ३०० मिलीमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात हे हिरवेपण आणले आहे एका नदीने. तिचे नाव मरे. मराठी कानाला हे नाव अभद्र वाटेल, पण त्या साऱ्या प्रदेशाला जगवते ती हीच. सुमारे २,५०० किलोमीटरची ही नदी मिल्ड्युराजवळून संथ वाहते. काठावर जाड बुंध्यांची, रक्तवर्णी लाकडाची निलगिरीची झाडे पाण्यावर ओणवलेली असतात. १९१२ साली बांधलेली वाफेची चाकनौका आजही प्रवाशांना घेऊन फिरते. बंधाऱ्यापाशी ती एका बंद हौदात शिरते, हौदातील पाण्याची पातळी चढते-उतरते आणि नौका पलीकडे निघून जाते. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे तिथे ते दीड तास हलले नाहीत.

या गावाची कथाही पाण्याचीच. जॉर्ज आणि विल्यम चॅफी हे कॅनडात जन्मलेले बंधू कॅलिफोर्नियात पाटाच्या पाण्यावर वसाहती उभारीत होते. आल्फ्रेड डीकिन या व्हिक्टोरियाच्या मंत्र्याने त्यांचे काम पाहिले आणि त्यातून १८८७ साली मिल्ड्युराची पाटपाण्याची वसाहत सुरू झाली. हेच डीकिन पुढे भारतातील कालवे पाहण्यासाठी आपल्याकडे आले, त्यावर त्यांनी १८९३ साली पुस्तक प्रसिद्ध केले आणि नंतर ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. गावातील सर्वांत रुंद रस्ता त्यांच्या नावाचा आहे. चॅफी बंधूंची कंपनी पुढे बुडाली. जॉर्ज परत अमेरिकेला गेला. विल्यम तिथेच राहिला, बागा करीत राहिला आणि पुढे गावाचा पहिला महापौर झाला. त्याच्या पुतळ्यासमोर उभी असताना मला नुसती इतिहासाची गंमत वाटली होती. आता त्या दोघा भावांची आठवण होते ती वेगळ्या कारणाने. एकाच घरातून, एकाच कामासाठी गेलेल्यांपैकी एक परततो आणि एक राहतो. आधीपासून कोणीच सांगू शकत नाही.

ऋतू उलटे, काढणी एक

आपल्याकडे थंडी तेव्हा तिकडे उन्हाळा, हे आपण शाळेत शिकलो. द्राक्षाने मात्र या नियमाला बगल दिली आहे. आपण वेलींची वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यामुळे आपला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो. तिकडे वेली हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, पाने गाळून झोपतात, छाटणी तेव्हा एकदाच होते आणि फळ उन्हाळ्याअखेर पिकते. तो महिनाही फेब्रुवारी-मार्चच. आपण ज्याला ‘थॉमसन’ म्हणतो तीच जात तिकडे ‘सुलताना’ नावाने ओळखली जाते. मिल्ड्युराला शेतात लांबच लांब जाळीचे थर असलेले, वर पत्रा घातलेले मांडव दिसले आणि आम्हाला तासगावच्या बेदाण्याच्या शेडची आठवण झाली. साम्य वरवरचे नाही. मणी सुकवण्याआधी तेल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवण्याची जी पद्धत आपले बेदाणा उत्पादक वापरतात, ती ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

फरक आहे तो नातीच्या जागेचा. आमच्या बागेत काढणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. ती लहानपणापासून बांधावर उभी राहून हे पाहत आली. तिकडे ती मजूर असेल. पहाटे पाचला उठायचे, उन्हाच्या आत काम सुरू करायचे, कात्रीने घड देठाशी कापायचा, मण्यावरची लव पुसली जाऊ नये म्हणून बोटे जपायची आणि खोके भरले की पुढचे घ्यायचे. आम्ही तिला विचारलेले पहिले प्रश्न असे होते. रात्री झोपायची सोय काय? शेतात प्यायचे पाणी असते का? शौचालय किती दूर? ताप आला तर दवाखान्यात कोण नेईल? माझी सून प्रश्न ऐकून क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आई, हेच प्रश्न आपल्या बागेत येणाऱ्या बायकांच्या सासवाही विचारत असतील.” यंदाच्या हंगामाआधी आमच्या बागेत पाण्याची टाकी आणि दोन शौचालये नव्याने उभी राहिली, हे या प्रवासाचे पहिले फळ.

जाणाऱ्याच्या शरीराची तयारी

व्हिसासाठी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी करावी लागू शकते. तेवढ्यावर थांबू नये. निघण्यापूर्वी तीन महिने घरच्या डॉक्टरांकडे स्वतंत्रपणे जावे. शेतात काम करायचे असल्याने धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली ते पाहावे. दहा वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी. दात आधी दाखवावेत. तिकडे दंतवैद्य महाग असतात आणि साध्या विम्यात दात बहुधा येत नाहीत. चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबरचा कागद सोबत हवा. मुलींनी मासिक पाळीच्या त्रासाबद्दल संकोच न करता डॉक्टरांशी बोलावे, कारण उघड्या रानात आठ तास काढायचे असतात.

दम्याविषयी थोडे सविस्तर सांगते. मेलबर्न आणि आसपासच्या भागात वसंतात, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, गवताचे परागकण हवेत फार असतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी वादळी पावसाआधीच्या वाऱ्याने ते कण फुटून इतके पसरले, की हजारो लोकांना एकाच संध्याकाळी धाप लागली आणि दहा जण दगावले. त्यांपैकी अनेकांना तीव्र दम्याचा पूर्वानुभव नव्हता, नुसत्या शिंका व नाक गळण्याचा त्रास होता. भारतीय आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांना त्रासाचे प्रमाण अधिक होते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. म्हणून ज्या मुलामुलींना ऋतू बदलला की शिंका येतात, त्यांनी जाण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगावे आणि फवारा जवळ ठेवायचा का, हे विचारून घ्यावे.

ऊन हा तिथला दुसरा मोठा विषय. मिल्ड्युराला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे आपल्या मुलांना भीतिदायक वाटत नाही. पण तिथली अतिनील किरणे आपल्या अंदाजापेक्षा तीव्र असतात. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून अंगभर सदरा, मलम आणि टोपी यांचा प्रचार घरोघरी झाला आहे. हवामानवृत्तात अतिनील निर्देशांक सांगतात आणि तो ३ किंवा अधिक असेल तर त्वचा झाकावी, असा सल्ला असतो. सावळ्या कातडीला काही होत नाही, हा समज सोडावा. लांब बाह्या, मानेवर सावली पडेल अशी रुंद कडांची टोपी आणि पाण्याची मोठी बाटली, ही शेतावरची शस्त्रे. घाम थांबून अंग तापले, बोलण्यात असंबद्धता आली, तर तो उष्माघात समजावा आणि लगेच ०००, म्हणजे तीन शून्ये, या क्रमांकावर मदत मागावी. सापाची धास्ती आम्हा घरच्यांनाच जास्त. पायांत घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घालावेत. दंश झालाच तर जखम धुऊ नये, रुंद पट्टी संपूर्ण अवयवावर घट्ट गुंडाळावी, हालचाल थांबवावी आणि तोच क्रमांक फिरवावा.

वैद्यकीय विमा काढल्याशिवाय मात्र विमानात बसू देऊ नये. ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्यसेवा काही देशांच्या पाहुण्यांना परस्पर कराराने मिळते. त्या देशांत भारत नाही. विमा घेताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. शेतीकाम चालते का, रुग्णवाहिकेचा खर्च येतो का आणि आधीचे आजार धरले आहेत का.

डबे, औषधे आणि विमानतळ

आपला जीव डब्यांत असतो. लाडू, मेतकूट, गोडा मसाला, लोणचे. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम अत्यंत कडक आहेत, कारण बाहेरची एक कीड तिथल्या बागा उद्ध्वस्त करू शकते. देशाच्या आतही हा पहारा असतो. मिल्ड्युराहून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना यांबा या ठिकाणी गाड्या थांबवून फळे तपासतात. आमच्याही पिशवीतली दोन संत्री तिथे टोपलीत गेली होती. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, बियाणे देऊ नये. दुधाच्या पदार्थांवर निर्बंध आहेत. जे काही खाण्याचे नेऊ ते विमानात मिळणाऱ्या कागदावर जाहीर करावे. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्या पदार्थाला जबर दंड होतो आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. म्हणून आजीने प्रेमाने सामानात गुपचूप काही सरकवू नये, ही विनंती मी माझ्यासकट सर्व आज्यांना करते. त्यापेक्षा नातीला मुगाची खिचडी, पिठले आणि थालीपीठ करायला शिकवावे. डाळ-तांदूळ तिकडेही मिळतात.

औषधे स्वतःपुरती आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांची न्यावीत. मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र. त्यात औषधाचे शास्त्रीय नाव असावे, कारण आपल्याकडील कंपन्यांची नावे तिकडे कोणाला ठाऊक नसतात. सुटी चूर्णे, काढ्याच्या मुळ्या व साली शक्यतो टाळाव्यात.

कष्टाचा मोबदला आणि रात्रीचा निवारा

काम मिळवून देतो म्हणून इकडेच पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये. तिकडे पोहोचल्यावर कर क्रमांक विनामूल्य मिळतो. १ जुलै २०२५ पासून तिथले राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झाले आणि रोजंदारीवरील कामाला त्याहून २५ टक्के अधिक द्यावे लागतात. फळकाढणी उक्त्या दराने असली, तरी एप्रिल २०२२ पासून तिलाही ताशी किमान रकमेची हमी आहे. या व्हिसावरील मुलांच्या मिळकतीतून पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापला जातो, एवढे गृहीत धरून हिशोब करावा. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. पगाराची पावती प्रत्येक वेळी मागावी. पावती नसेल तर वेतन बुडाल्याचे किंवा कामावर इजा झाल्याचे सिद्ध करणे अवघड जाते.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर सरकारने ठरवलेल्या भागात ठरवलेले काम तीन महिने करावे लागते. या तीन महिन्यांच्या आशेपोटी मुले नको तिथेही तग धरून राहतात. म्हणून काम स्वीकारण्याआधीच ते त्या यादीत बसते का, हे सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

निवाऱ्याबाबत मी नातीला चिल्डर्स या गावाची हकीकत सांगितली. क्वीन्सलँडमधील या लहानशा गावात फळे तोडायला आलेली देशोदेशीची तरुण मुले एका जुन्या लाकडी वसतिगृहात राहत होती. २३ जून २००० च्या रात्री तिथे आग लावली गेली आणि पंधरा जण गेले. आज त्या जागी त्यांचे स्मारक आहे. मुलीला घाबरवण्यासाठी हे सांगितले नाही. कोणत्याही खोलीत सामान ठेवण्यापूर्वी धुराचा इशारा देणारे यंत्र चालू आहे का, खिडकी उघडते का आणि बाहेर पडायचा दुसरा मार्ग कोणता, एवढे पाहण्याची सवय तिला लागावी, इतकाच हेतू.

मागे राहणाऱ्यांची यादी

आता दुसरी यादी. आमच्या घरी दर रविवारी सकाळी यजमानांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरण्याचे काम नातीचे होते. रक्ताचे अहवाल मोबाइलवर उघडणे, डॉक्टरांची वेळ घेणे, विजेचे बिल भरणे, तेही तिचेच. तिने जायचे ठरवले तेव्हा या साऱ्याची नोंद तिने एका वहीत केली, तेव्हा कुठे आम्हाला कळले की ही मुलगी घरातली किती कामे करते. चौदा निघाली.

ती कामे आम्ही वाटून घेतली. गोळ्यांची डबी माझ्याकडे आली. पहिले दोन रविवार तिने भरली आणि मी पाहिले, पुढचे सहा रविवार मी भरली आणि तिने पाहिले. इन्सुलिनची मात्रा मुलगा पाहील. गोळ्या घरपोच देण्याचे गावातल्या औषध दुकानदाराने कबूल केले. ही वाटणी करताना घरातली एक व्यक्ती विसरली जाते, ती म्हणजे सून. जाणाऱ्याची कामे बोलल्याशिवाय तिच्या अंगावर पडतात. म्हणून आम्ही ठरवले की आठवड्यातील एक दुपार ती घरात नसेल. त्या वेळी सोबतीला शेजारच्या काकू येतील. काळजी घेणाऱ्याचीही काळजी घ्यावी लागते.

मोबाइलचा मुद्दा तर अनेक घरांच्या ध्यानातच येत नाही. ज्येष्ठांचे बँक खाते, गॅस, निवृत्तिवेतन यांना बहुधा नातवंडांचाच क्रमांक जोडलेला असतो. मूल परदेशी गेले, भारतातील कार्ड बंद पडले, की ओटीपी येणे थांबते आणि स्वतःच्याच पैशाला आपण मुकतो. निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी आपला किंवा मुलाचा क्रमांक नोंदवून घ्यावा. आम्हाला या कामाला पाच आठवडे लागले.

त्याला जोडूनच फसवणुकीचा धोका. ‘तुमच्या नातीला परदेशात अटक झाली आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असे फोन ज्येष्ठांनाच येतात. आम्ही घरात एक प्रश्न आणि त्याचे उत्तर ठरवले आहे. ते उत्तर सांगता येणार नाही, त्याला पैसे नाहीत. शंका आली तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक फिरवायचा. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवला आहे. त्यावर दोघांची औषधे, रक्तगट, डॉक्टरांचा व शेजाऱ्यांचा फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ लिहिले आहे.

फोनची वेळही ठरवली. मिल्ड्युराचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. संध्याकाळी दिवेलागणीला आपण फोन करू, तेव्हा पहाटे उठायची असलेली मुलगी तिकडे झोपलेली असेल. उन्हाळ्यात आपल्या दुपारी दीडला तिकडे संध्याकाळचे सात वाजतात, ती वेळ बरी. रोज बोललेच पाहिजे, असा हट्ट नको. आठवड्यातून दोनदा बोलणे आणि रोज एक ‘ठीक आहे’ एवढा संदेश पुरे. तिलाही एकटेपणा येईल. तिकडे मन फार उदास झाले तर बोलण्यासाठी १३ ११ १४ हा अहोरात्र चालणारा क्रमांक आहे. तो तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिला आहे.

खरे सांगण्याचा करार

सर्वांत कठीण संवाद आम्ही शेवटासाठी ठेवला होता. आपल्या घरांत दूर असलेल्या माणसापासून वाईट बातमी लपवण्याची रीत आहे. ‘उगाच काळजी करेल’ म्हणून आजोबांचे दवाखान्यात दाखल होणे सांगत नाहीत आणि ‘घरचे घाबरतील’ म्हणून मूल पडल्याचे, पगार बुडाल्याचे सांगत नाही. दोन्हीकडून प्रेमापोटीच हे होते. पण त्यामुळे ‘ठीक आहे’ या शब्दावरचा विश्वास उडतो. मग खरोखर ठीक असतानाही दोघांना झोप लागत नाही.

एका रात्री जेवणे झाल्यावर यजमानांनीच विषय काढला. म्हणाले, “बाळ, माझे काही बरेवाईट झाले तर तुझ्यासाठी कोणी खोळंबून राहायचे नाही. आणि तू धावत आलेच पाहिजेस, अशी सक्तीही नाही.” मिल्ड्युराहून आमच्या दारापर्यंत यायला, सगळ्या जोडण्या जुळल्या तरी, दीड-दोन दिवस लागतात, हे त्यांनी आधीच मोजून ठेवले होते. सून उठून आत जाऊ लागली. नात मात्र बसूनच राहिली. म्हणाली, “आबा, यायचे की नाही ते मी ठरवीन. पण ठरवता यावे म्हणून तुम्ही मला वेळेवर सांगायला हवे. मागाहून कळले तर ते मला आयुष्यभर सलेल.”

त्या रात्री आम्ही वहीच्या एका पानावर लिहून काढले. दवाखान्यात दाखल होणे, पडून हाड मोडणे, छातीत दुखणे, ही बातमी त्याच दिवशी तिला कळवायची. तिनेही इजा झाली, तीन दिवसांवर ताप टिकला, पैसे मिळाले नाहीत किंवा राहती जागा असुरक्षित वाटली, तर त्याच दिवशी सांगायचे. परत यावेसे वाटले तर वर्ष पुरे करण्याची सक्ती नाही आणि ‘का आलीस’ असे कोणी विचारणार नाही. आणखी राहावेसे वाटले तर तेही स्पष्ट सांगायचे. अचानक येण्याच्या तिकिटापुरती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे. तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. खाली आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या. यजमानांचा हात थरथरतो, त्यामुळे त्यांना वेळ लागला, पण सही त्यांनी पूर्ण नावाने केली.

आपल्या घरातील कोणी अशा वर्षावर निघणार असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी तीन महिने या दोन्ही याद्या करायला बसावे, एवढेच सांगणे. जाणाऱ्याची यादी बाजारात पुरी होते. राहणाऱ्यांची यादी घरात बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून पुरी करावी लागते. नात जानेवारीत निघेल, म्हणजे सुलतानाच्या काढणीला वेळेवर पोहोचेल. त्याच सुमारास आमच्या बागेत थॉमसनची काढणी सुरू होईल. तिने तिथल्या घडाचे छायाचित्र पाठवायचे आणि आम्ही इथल्या घडाचे, असे ठरले आहे. साखर कुठल्या द्राक्षात जास्त उतरली, हा निकाल मधुमेही यजमानांनी न चाखता द्यायचा आहे.